तो कुणाचा, हे गल्लीला माहीत हवं

*पत्र (थोडं संक्षिप्त करून):*

ताई, माझा मुलगा ८ वर्षांचा आहे. तो साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझम आहे असं कळलं. मोजके शब्द बोलतो. नगरपरिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. बाई चांगल्या आहेत, पण वर्गात ४१ मुलं. आम्ही कराडला राहतो. मिस्टर साखर कारखान्यात, पाळीची ड्यूटी. घरी सासू-सासरे आणि १२ वर्षांची मुलगी. दर आठवड्याला थेरपीला साताऱ्याला नेते, त्यात अख्खा दिवस जातो. गेल्या गणपतीत आरतीला स्पीकर लागला आणि तो कानांवर हात घेऊन किंचाळायला लागला. एक बाई म्हणाल्या, "अशा मुलाला घरी ठेवावं." तेव्हापासून हळदीकुंकू, बारसं, लग्न, सगळीकडे जाणं बंद केलंय. मध्ये एकदा दार उघडं राहिलं आणि तो निघून गेला, दीड तासानं रिक्षा स्टँडवर सापडला. सासरे दिव्यांग प्रमाणपत्र काढू देत नाहीत, म्हणतात शिक्का बसेल. जावेनं एक वैद्य सुचवलाय, सहा महिन्यांत बोलता करतो म्हणे. मिस्टर म्हणतात, तू मुलाला घेऊन पुण्याला खोली करून राहा, तिथे सगळ्या सोयी आहेत, मी शनिवारी येत जाईन. उपाय सांगणारे खूप आहेत ताई. माणसं कुठून आणू?
— कृष्णाकाठची

कृष्णाकाठची,

तुला अगं-तुगं करते, चालेल ना? २६ वर्षं विशेष शाळेत शिकवलं, तिथल्या आयांशी 'अहो-जाहो' कधी जमलं नाही.

तुझ्या मूळ पत्रात गणपतीचा प्रसंग दीड पान आहे. मुलगा घरातून निघून गेला ते एका ओळीत. मी त्या ओळीपाशीच अडकले. दीड तास! रिक्षा स्टँडवर सापडला म्हणजे तिथे तो बराच वेळ उभा असणार. चाकं बघत असेल. दहा-वीस जणांनी त्याला पाहिलं असेल, एखाद्यानं नाव विचारलं असेल, उत्तर आलं नाही म्हणून तो आपल्या गिऱ्हाइकाकडे वळला असेल. वाईट कुणीच नव्हतं गं त्यात. फक्त हा कुणाचा, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि तुमच्या गावाला एक सोडून दोन नद्या आहेत. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांना पाण्याची ओढ असते आणि धोक्याची जाण कमी असते. तुझ्या काळजात हे आधीच शंभरदा येऊन गेलं असणार, म्हणून तर ती ओळ इतकी छोटी झाली. दाराला वरच्या बाजूला कडी लाव, त्याच्या शर्टाच्या आत तुझा फोन नंबर शिवून टाक, हे आज कर. पण कडी कधीतरी राहतेच. त्याला परत आणून सोडणारी माणसं वाटेवर हवीत आणि ती एका दिवसात तयार होत नाहीत.

म्हणून तू सगळीकडे जाणं बंद केलंस ते मला कळतं, तरी पटत नाही. तू एक हळदीकुंकू टाळलंस की त्याला ओळखणारी पंधरा घरं कमी होतात. त्या बाईंचं बोलणं तू मनावर घेतलंस आणि त्यांना हवं होतं तेच झालं, मूल घरात राहिलं.

आता 'माणसं कुठून आणू'. आणायची नाहीत, ती तिथेच आहेत. त्यांना कामं नेमून द्यायची आहेत. "काही लागलं तर सांग हं" असं म्हणणारी किती असतील तुझ्याभोवती? दहा तरी असतील. तू काय म्हणतेस? "हो, सांगेन." विषय संपला. बोलणारीला खरंच काय करावं ते कळत नसतं आणि तुला सांगायचा संकोच. यापुढे तिथल्या तिथे सांगायचं, तेही वारासकट: "काकू, मंगळवारी पाच ते साडेपाच तुमच्या झोपाळ्यावर याला बसवाल का? मी शेजारीच उभी राहीन." पहिले चार मंगळवार तू उभी राहायचंस. पाचव्याला पायरीवर बसायचंस. दोन महिन्यांनी तुला अर्धा तास मिळतो, आणि काकूंना तो कसा हसतो ते कळलेलं असतं. सगळ्या काकू हो म्हणणार नाहीत. दहातल्या तीन म्हणाल्या तरी तुझं काम होतं.

ही अक्कल मला उशिरा आली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी पालकांना घरी करायच्या व्यायामांचा छापील कागद द्यायची, १४ कलमी. एकदा एका आईकडे गेले तर तो कागद फडताळात डब्यांखाली अंथरलेला. मी बघितलं ते तिनं बघितलं. ओशाळून म्हणाली, "बाई, कागद चांगला जाड होता." त्या घरात सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा फिरतीवर. तिला चौदा व्यायाम नको होते, सलग दोन तास झोप हवी होती. तेव्हापासून मी पहिला प्रश्न मुलाबद्दल विचारत नाही. घरात आणखी कोण आहे, हे आधी विचारते.

सुरुवात कुठून करशील ते सांगू? सलूनमधून. हसू नकोस. आपल्या मुलांचे केस कापणं म्हणजे काय असतं ते आपल्यालाच ठाऊक. मशीनचा आवाज, मानेवर टोचणारे केस, पाण्याचा फवारा, अनोळखी हात. बहुतेक आया मूल झोपलं की कात्रीनं कापतात, एक बाजू आखूड एक लांब. तू दुपारी गिऱ्हाईक नसताना त्या दादांना भेट. सांग, "माझा मुलगा असा असा आहे. पहिल्या दोन वेळा केस कापायचे नाहीत, नुसता खुर्चीत बसून जाईल. पैसे पूर्ण देईन." पहिल्यांदा तो खुर्ची गरगर फिरवेल. फिरवू दे. दुसऱ्यांदा मशीन बंद असताना हातात घेऊ दे. तिसऱ्यांदा फक्त कात्री, फक्त कानामागे, आणि तो ओरडला की थांबायचं. अशा सहा-सात फेऱ्यांत पूर्ण केस कापून घेणारी मुलं मी पाहिली आहेत. आणि मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं, की सलूनमध्ये अख्खा गाव येतो. तो दादा चार जणांना सांगणार, "ते वरच्या आळीतलं पोरगं, बोलत नाही, पण लई हुशार आहे." तुझ्या वतीनं अर्धं काम तो करून टाकतो, बोलतोही तुझ्यापेक्षा चांगला.

मग रिक्षा स्टँड. तिथे चहाची वेळ बघून जा. मुलाला घेऊनच जा. ज्यानं त्याला तुझ्यापर्यंत पोचवलं त्याचे आभार मान आणि इतरांना ओळख करून दे: नाव हे, घर तिथे, हाक मारली तर वळत नाही, हात धरून ओढलं तर घाबरतो, पण 'चाक बघायचं?' म्हटलं की थांबतो. एवढं चार ओळींत लिहून तुझ्या नंबरसकट एकाच्या रिक्षात चिकटवायला दे. मेडिकलवाल्याला दे, शाळेसमोरच्या दुकानाला दे. त्यात आजाराचं वर्णन लिहू नकोस, त्याला काय आवडतं आणि कशानं तो शांत होतो तेवढंच. जिथे जिथे तो एकटा पोचू शकतो, तिथे एक ओळखीचं माणूस, इतकाच हिशोब धर.

गणपतीचं मी वेगळं सांगते, कारण तिथे दोष आवाजाचा होता, गर्दीचा नव्हता. अचानक आदळलेला आवाज आणि स्वतः वाजवलेला आवाज यांत आपल्या मुलांना जमीन-अस्मानाचा फरक पडतो. स्पीकरला किंचाळणारी मुलं टाळ हातात दिला की तासभर वाजवताना मी पाहिली आहेत. या वर्षी मंडळाच्या पोरांना आधीच भेट. दोनच गोष्टी माग: एक दिवस एकच आरती स्पीकरशिवाय, आणि त्या आरतीनंतर प्रसाद वाटायचं काम याला. तरुण पोरं अशा गोष्टींना पटकन तयार होतात, अडतात ते त्यांचे काका. ताट धरून तो चाळीस जणांसमोरून गेला की त्या बाईंनाही त्याच्या हातून प्रसाद घ्यावा लागेल. आणि नाहीच जमलं, आरतीच्या आधी तो उठून निघाला, तर निघायचं. दुपारी चारला मंडपात कुणी नसतं, तेव्हाचं दर्शनही दर्शनच.

आता तुझ्यासारखी इतर घरं. कराडसारख्या तालुक्यात तू एकटीच असशील असं तुला वाटतंय का? प्रत्येक तालुक्याला शिक्षण खात्याचं गट साधन केंद्र असतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक तिथून शाळाशाळांत जातात, तालुक्यातल्या अशा मुलांची माहिती त्यांच्याकडे असते. ते तुला यादी देणार नाहीत, देऊही नये. पण तुझा नंबर त्या पालकांना द्या, असं तू सांगू शकतेस. साताऱ्याला थेरपीच्या बाकावर ज्या बायकांशी तू नुसती मान हलवतेस, त्यांतली एखादी ओगलेवाडीची नाहीतर उंब्रजची निघेल. विचारून बघ.

तीन घरं मिळाली की महिन्यातून एक शनिवार ठरवा. कुणाच्या घरी नको. घर म्हटलं की पोहे आले, पोहे आले की जिच्या घरी जमलात ती सकाळपासून दमलेली. शाळेचा व्हरांडा मागा. मुलांना घेऊन या, दोघी मुलांकडे बघतील, बाकीच्या बोलतील, मग अदलाबदल. "तुझा बोलायला लागला का?" हा प्रश्न बंद. औषधांच्या जाहिराती बंद. आणि कृपा करून संस्था काढू नका. आपल्याकडे चार माणसं जमली की आधी लेटरहेड छापतात, मग अध्यक्ष कोण यावरून पाचवं माणूस येत नाही. असे दोन गट मी माझ्या डोळ्यांनी मोडताना पाहिले, त्यातल्या एकात मीही सल्लागार म्हणून मिरवत होते. मुंबईची जय वकील शाळा १९४४ मध्ये एका आई-वडिलांनी आपल्या डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी सुरू केली. मिठू अलूर यांनीही १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी उभारली ती सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीपासून सुरुवात करून. अशी घरातून सुरू झालेली कामं पुढे मोठी होतात, पण तो नंतरचा भाग. तुला आत्ता तीन घरं पुरेत.

तीनची सहा झाली की बरंच काही बदलतं. एकटी तू आठवड्याला साताऱ्याला पन्नास-बावन्न किलोमीटर जातेस. सहा घरं मिळून थेरपिस्टला पंधरा दिवसांतून एकदा कराडला बोलावू शकता, तिच्या प्रवासाचा खर्च सहांत वाटला की जड नाही. नगरपरिषदेला आणि ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. एका आईचा अर्ज टेबलावर पडून राहतो, सहा आया समोर बसल्या की साहेबांना चहा मागवावा लागतो.

शाळेचंही तसंच. बाईंकडे ४१ मुलं आहेत, त्यांच्याकडून चमत्कार मागू नकोस. तक्रार घेऊन न जाता एक सोय घेऊन जा: बसायची जागा भिंतीकडची आणि दारापासून लांब, घंटा व्हायच्या आधी खूण, आणि दर आठवड्याला बदलणारे दोन सोबती. हे सोबती म्हणजे फार मोठी गोष्ट. आज जी दुसरीतली पोरं त्याच्याबरोबर डबा खातात, तीच दहा वर्षांनी त्याला बाजारात ओळखणार आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत कधी गेली आहेस? शिक्षण हक्क कायद्यानं तिथले तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया, आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा. २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं त्या गटात आली. म्हणजे तिथे बसायचा तुझा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

पुण्याचं बोलू. पुण्यात सोयी आहेत, खोटं कशाला सांगू. विशेष मुलांची कामायनीसारखी शाळा तिथे १९६४ पासून आहे, थेरपी केंद्रं आहेत. मुलाला घरच्यांनाच आवरेना इतकं वर्तन बिघडलं असतं किंवा इथल्या शाळेनं दार बंद केलं असतं, तर मी तुला जा म्हटलं असतं. तुझ्या पत्रात तसं काही नाही. उलट चांगल्या बाई आहेत, ज्या पुढे मिळतील याची खात्री नाही. तिकडे गेलीस तर भाड्याची खोली, तू आणि तो, आणि जिन्यात कुणी ओळखीचं नाही. आणि मिस्टरांना विचार, ऊस गळीत सुरू झाला की त्यांना कुठला शनिवार मिळतो? नोव्हेंबर ते मार्च त्यांचं तोंड तुला कराडातच धड दिसत नसेल. मुलगी इथे की तिकडे? तिचं नाव त्या बेतात कुठे आलंच नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? तीन-चार महिन्यांतून एकदा पुण्याला जाऊन तपासणी करून घ्या, घरी काय करायचं ते समजून घेऊन या. त्या फेरीला वडिलांनी जायचं, तू नाही. शनिवारी पुण्याला यायची त्यांची तयारी आहेच, ती तयारी इकडे वापर. हंगाम संपल्यावर त्यांच्या हाताशी महिने असतात. कारखान्यात त्यांच्या पाळीवरच्या चार मित्रांना मुलगा माहीत आहे का? बाप मुलाबद्दल मित्रांशी बोलायला लागतो तेव्हा घरातलं निम्मं ओझं उतरतं, हे मी फार उशिरा शिकले. आमच्या शाळेच्या पालकसभांना आम्ही वर्षानुवर्षं फक्त 'मातापालकांना' चिठ्ठ्या पाठवत होतो.

प्रमाणपत्राबद्दल सासऱ्यांशी तू वाद घालू नकोस. त्यांना शिक्क्याची भीती आहे, ती खरी आहे. त्यांच्या पिढीत 'वेडा' म्हटलं की तो शब्द चितेपर्यंत जायचा. पण त्यांना एवढं सांग, की २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझमही आहे, आणि दिव्यांगत्वाचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, एसटीची सवलत, पुढे दहावीच्या परीक्षेतल्या सवलती हे सगळं त्या कागदावर चालतं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना ऑटिझमसाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, आणि थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत त्यात येतो. प्रमाणपत्राचं कार्ड कपाटात राहतं, कपाळावर नाही. आणि एक करून बघ: ऑनलाइन अर्ज भरल्यावर तपासणीच्या दिवशी सासऱ्यांनाच बरोबर ने. तिथल्या रांगेत त्यांच्या वयाचे आजोबा नातवंडांना घेऊन बसलेले असतात. ते आपापसात काय बोलतात ते बोलू दे.

जावेच्या वैद्याला नको म्हण. सहा महिन्यांत बोलता करतो, असं छातीठोक सांगणारा कुणीही, मग तो काढा देवो नाहीतर लाखो रुपयांचं स्टेम सेल इंजेक्शन, त्याला पैसे द्यायचे नाहीत. जावेला मात्र तोडू नकोस. तिला काहीतरी करायचंय, तिला काम दे. महिन्यातून एक रविवार तिच्याकडे राहू दे त्याला, तीन तास.

आणि ते तीन तास तू मुलीला दे. स्वयंपाकाला नाही, झोपेला नाही, मुलीला. १२ वर्षांची पोर भावाची बाटली, भावाची बॅग, भावाची समजूत सांभाळत असणार. माझी एक विद्यार्थिनी होती, तिची थोरली बहीण मोठेपणी मला म्हणाली, "बाई, मला कधी कुणी विचारलं नाही की आज तुझ्या शाळेत काय झालं." मुलीला घेऊन नदीकाठी प्रीतिसंगमावर जा, भेळ खा, घरी यायची घाई करू नका.

गणपतीला अवकाश आहे, पण मंडळाच्या पोरांना आत्ताच गाठ, वर्गणीची पावती फाडायला येतील तेव्हा पुन्हा विषय काढ. रिक्षा स्टँडवर या आठवड्यात. आणि सलूनमध्ये पहिल्या फेरीला त्यानं खुर्ची किती वेळा फिरवली ते मला कळव.

तुझी,
ताई